ओझेलाचा कप

गाइडचा थकवा पायांत असतो असं लोकांना वाटतं. पाय काय, कुणाचेही दुखतात. गाइड खरा थकला की तो वाक्यं गाळायला लागतो. रूफस कॅपर्सनं गेल्या दोन वर्षांत इतकी वाक्यं गाळली होती की त्याची दोन तासांची फेरी आता पावणेदोन तासांत उरकायची. तक्रार मात्र एकानंही केली नव्हती, आणि याचं त्याला जरा वाईटच वाटायचं.

एकतीस वर्षं तो अमेरिकेतल्या चार्ल्सटनच्या त्याच रस्त्यांवरून माणसं फिरवत होता. पाण्याकाठच्या तोफांपासून सुरुवात, मग रंगीत घरांची ओळ, मग जहाजांतून आलेल्या दगडगोट्यांची ती गल्ली, जिथे दर आठवड्याला कुणाचा तरी पाय मुरगळतो, मग लोखंडी फाटकं. घरांच्या भिंतींतून आरपार घातलेल्या सळया दाखवताना पूर्वी तो भूकंपाचं साल सांगायचा, किती घरं पडली ते सांगायचा, त्याची पणजी कशी तीन दिवस चौकात उघड्यावर राहिली तेही सांगायचा. आता म्हणायचा, “भूकंप झाला होता, म्हणून हे.” लोक माना डोलवायचे, फोटो काढायचे, पुढे चालायचे. गुलामांच्या बाजारापाशी मात्र तो एक अक्षरही गाळत नसे. तिथे उभं राहून आइस्क्रीम चाटणाऱ्यांकडे बघायचा नाही, एवढंच.

फेरीचा शेवटचा थांबा तेवढा नवा होता. एका जुन्या चर्चच्या मागे त्याच्या लोकांची, म्हणजे गुलामांच्या वंशजांची, लहानशी दफनभूमी होती, आणि एकोणतीस वर्षं त्यानं तिथे एकाही पाहुण्याला पाऊल टाकू दिलं नव्हतं. ओझेलाला, म्हणजे त्याच्या बायकोला, तिथे पुरलं आणि चौथ्या दिवशी तो कामावर गेला. लोक म्हणाले, काय धीराचा माणूस! धीर कसला, घरी बसवत नव्हतं. डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. मग एके दिवशी ऑगस्टच्या उन्हात गुडघ्यांनी असा काही असहकार पुकारला की तो अकरा माणसं घेऊन सरळ त्या फाटकातून आत शिरला. आत ओकच्या झाडाची सावली होती, एक बाक होता, आणि बाकासमोर ओझेला होती. तेव्हापासून फेरी तिथेच संपायची.

तिथल्या थडग्यांवर कप, बशा, चष्मे, घड्याळं, औषधाच्या बाटल्या असं काय काय मांडलेलं असतं. सुरुवातीला तो नीट सांगायचा, “गेलेल्या माणसानं शेवटची वापरलेली वस्तू आम्ही इथे ठेवतो. आणि ठेवताना ती आमच्या हातानं फोडतो. साखळी तुटावी म्हणून. नाहीतर गेलेलं माणूस घरातल्या आणखी कुणाला तरी मागोमाग ओढून नेतं.” पण एवढं बोललं की प्रश्न यायचे. कोण फोडतं? कशानं? तुम्ही कधी फोडलंय? त्या प्रश्नांचा त्याला इतका कंटाळा आला की त्यानं पुढचं सगळं टाकूनच दिलं. “शेवटची वापरलेली वस्तू इथे ठेवतात,” एवढं म्हणून तो बाकावर टेकायचा आणि पाण्याची बाटली उघडायचा.

त्या मंगळवारी तो नऊजणांना घेऊन आत आला तर बाकावर आधीच एक बाई बसलेली. साठी उलटलेली, गोरी, उन्हानं नाक सोललेलं. मांडीवर पुठ्ठ्याचा खोका.

“मिस्टर रूफस! ओळखलंत का? मी ग्रेटा. गेल्या आठवड्यात होते तुमच्याबरोबर. ओहायोची.”

रूफसनं ओळखल्याचं हसू आणलं. एकतीस वर्षांत त्यानं ओहायोची इतकी माणसं फिरवली होती की तिकडे आता कुणी उरलंय की नाही याचीच त्याला शंका होती.

“त्या दिवशी तुम्ही सांगितलंत ना, शेवटची वापरलेली वस्तू ठेवतात म्हणून. मग मी या दगडावरचं नाव वाचलं. ओझेला कॅपर्स. तुमच्या बिल्ल्यावरही कॅपर्स. तुम्ही काही बोलला नाहीत, पण मला कळलं हो. इतका जीव तुटला माझा! तिचा कप, आणि कुणा मेल्यानं त्याचे तुकडे केलेले. मला चैन पडेना.”

रूफसचा हात बाटलीच्या झाकणावर तसाच राहिला.

“मी चिनी मातीची भांडी जोडते,” ग्रेटा म्हणाली. “नवरा गेल्यापासून तोच उद्योग आहे मला. न विचारता नेलं, तेवढं माफ करा. सहा तुकडे होते. एक तर पार गवतात गेला होता, मुंग्यांच्या वारुळाशी. चार दिवस लागले.” तिनं खोक्यातल्या कागदांतून कप बाहेर काढला आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरला.

पांढरा, हिरव्या काठाचा कप. अख्खा. सांधे शोधावे लागत होते. ओझेलाच्या हातून फार वर्षांपूर्वी काठाचा एक टवका उडाला होता, तीही जागा ग्रेटानं भरून काढली होती.

नऊजणांनी टाळ्या वाजवल्या. एकानं टोपी काढून छातीशी धरली. आणि रूफसच्या तोंडून एकतीस वर्षांच्या सवयीनं जे बाहेर पडायचं तेच पडलं.

“थँक्यू मॅडम. फार उपकार झाले.”



“उपकार कसले!” ग्रेटाचे डोळे भरून आले होते. “उद्या बहिणीला घेऊन परत येतेय तुमच्या टूरला. आणि हो, तिकडे कोपऱ्यात एक घड्याळ फुटलेलं दिसतंय. काच बसवता येईल. बघते मी.”

ओझेलाची थोरली बहीण व्हर्डेल बाजाराच्या कोपऱ्यावर छत्रीखाली बसून खाडीकाठच्या गवताच्या टोपल्या विणायची. वय चौऱ्याहत्तर, पण बोटं आणि जीभ दोन्ही शाबूत. रूफसची पावलं तिला न बघता ओळखू आली.

“आज लवकर? माणसं पळाली वाटतं तुझी.”

रूफसनं खोका तिच्यापुढे ठेवला आणि उघडला. व्हर्डेलचे हात थांबले.

“हा कुठून आला?”

“एका बाईनं जोडून दिला.”

“जोडून दिला.” व्हर्डेलनं कपाला हात लावला नाही. लावायला निघालेला हात तिनं एप्रनला पुसून मागे घेतला. “मग तू काय केलंस?”

“थँक्यू म्हटलं.”

“वा! मिठी मारायची राहिली तेवढी.”

“मला सुचलंच नाही, ताई.”

“तुला दोन वर्षांत काय सुचलंय? लोरेनला सातवा लागलाय, रूफस. दोनदा हातातोंडाशी आलेलं गेलंय त्या पोरीचं. महिनाभर पाय उशीवर ठेवून पडलीय ती. आणि तिचा बाप साखळी जोडून, खोक्यात घालून गावभर मिरवतोय!”

लोरेन ही रूफसची एकुलती एक मुलगी. एकोणचाळीस वर्षांची, गावाच्या उत्तरेला नवऱ्याबरोबर, म्हणजे मार्कसबरोबर, राहणारी. तिचं नाव निघताच रूफसनं खोक्याचं झाकण लावलं, जणू काही ती आतलं बघेल.

“बाईचा काय दोष?” तो म्हणाला. “ती भलं करायला गेली. उद्या पुन्हा येतेय, कोपऱ्यातलं फुटकं घड्याळही दुरुस्त करते म्हणालीय.”

“बाईला कोण बोल लावतंय? तू सांगितलं नव्हतंस का तिला, आपणच फोडतो म्हणून?”

रूफसनं रस्त्याकडे बघितलं. पाहुण्यांनी भरलेली खेचराची गाडी चालली होती आणि गाडीवान ओरडून ओरडून भूकंपाचं साल सांगत होता. तेही चुकीचं.

“ते वाक्य गाळलं होतं.”

“का?”

“बोलवत नाही मला ते. दमतो मी.”

“तुझ्या अख्ख्या टूरमध्ये तेवढं एकच वाक्य कामाचं होतं,” व्हर्डेल म्हणाली, “आणि नेमकं तेच गाळलंस. तोफांचं पाल्हाळ गाळायचं होतंस की.”

रूफस तिच्या शेजारच्या घडीच्या खुर्चीवर बसला. खुर्ची गिऱ्हाइकांसाठी होती, पण व्हर्डेलनं त्याला उठवलं नाही. 

“खरं सांगू? मला ओढून नेलं तर नेऊ दे. मी कुठे नाही म्हणतोय? माझं चालून झालंय, ताई.”

व्हर्डेल ओरडेल असं त्याला वाटलं होतं. ती ओरडली नाही, आणि त्याची त्याला जास्त भीती वाटली.

“तू पुढे होऊन उभा राहिलास म्हणून तुलाच नेतील, असं कुणी लिहून दिलंय तुला?” ती म्हणाली. “तिकडचे लोक नाव विचारत नाहीत. जो सगळ्यात नाजूक असतो तो आधी त्यांच्या हाताला लागतो. आपल्या घरात सगळ्यात नाजूक कोण आहे, सांग.”

रूफसनं खोक्याचं झाकण पुन्हा दाबून बसवलं.

“उद्या तिच्या थडग्यावर जायचं, तिच्या डोक्याशी बसायचं आणि फोडायचा. तुझ्या हातानं. आणि त्या बाईला सगळं नीट सांगायचं. नाहीतर ती ते घड्याळ दुरुस्त करून ठेवील, आणि त्या बिचाऱ्या घड्याळवाल्यांच्या घरी रडारड व्हायची.”

रूफसला हे सगळं खरं वाटायचं का? कुणी विचारलं असतं तर त्यानं खांदे उडवले असते. पण पोटची मुलगी पाय वर करून पडलेली असताना कुठला बाप असल्या गोष्टी खऱ्या की खोट्या हे तपासत बसतो?

घरी आल्यावर त्यानं कप खोक्यातच ठेवायचा असं ठरवलं होतं. पाच मिनिटांत तो स्वयंपाकघरातल्या कपाटाखालच्या आकड्याला टांगलेला होता. दोन वर्षं तो आकडा रिकामा होता. बाकी कशाला रूफसनं हात लावला नव्हता, तरी स्वयंपाकघर परक्याचं वाटायचं. आता एवढासा कप टांगल्याबरोबर ते पुन्हा ओझेलाचं झालं, आणि रूफस उभ्यानंच कालचा टोमॅटोतला लाल भात खात त्याच्याकडे बघत राहिला. किती दिवसांनी त्याला जेवण गोड लागलं.

मग त्यानं कप खाली काढला आणि काठावरून अंगठा फिरवला. ओझेला सकाळी कॉफी घेताना कप आधी जरासा वळवून घ्यायची, टवका उडालेली बाजू ओठाला लागू नये म्हणून. आता काठ सगळीकडून सारखाच गुळगुळीत होता. त्याला बाईचा राग यायला हवा होता. आला नाही. उलट वाटलं, ठेवून घ्यावा. कोण बघतंय? व्हर्डेलला सांगावं फोडला म्हणून.

दोन वर्षांपूर्वी त्यानं तो फोडला तेव्हा भोवती चाळीस माणसं होती, गाणं चाललं होतं, कुणीतरी हातात हातोडी दिली आणि त्यानं मारली. दुसऱ्याच कुणाचा तरी कप असावा अशी मारली. पुढे काय झालं ते आठवतसुद्धा नव्हतं.

संध्याकाळी लोरेनचा फोन आला.

“डॅडी, जेवलात का?”

“जेवलो. तू?”

“मार्कसनं भेंडीचं सूप केलंय. म्हणजे गरम पाण्यात भेंड्या पोहतायत. तरी मी छान म्हटलं.” ती हसली आणि मधेच थांबली. “डॅडी, काळजी करू नका हं. दुपारपासून जरा दुखतंय. डॉक्टर म्हणाले हलू नका, सकाळी बघू.”

“दुपारी किती वाजता?”

“बाराच्या सुमाराला असेल. का?”

“काही नाही. सहज.”

बाराला कप त्याच्या हातात होता. कप जोडून तर त्याआधीच झाला होता, बारा वाजता काहीच घडलं नव्हतं, असं त्यानं स्वतःला परोपरीनं समजावलं. समजूत पटली नाही. त्यानं कप कागदात गुंडाळला आणि शेजारी हातोडी ठेवली.

दुसऱ्या दिवशी साडेआठलाच तो दफनभूमीच्या फाटकाशी होता. फाटकाला कुलूप. चर्चचा रखवालदार दहाशिवाय यायचा नाही. पायरीवर बसून राहावं तर साडेनऊला तोफांपाशी माणसं जमणार. रूफस गेला. तिथे दहाजण उभे होते, त्यांत ग्रेटा आणि तिची बहीण, दोघींच्या डोक्यावर सारख्याच टोप्या.

“मंडळी,” रूफस म्हणाला, “आज टूर उलटी. शेवटून सुरुवात.”

कुणाला काही फरक पडला नाही. त्यांना सुलटी तरी कुठे माहीत होती? पण एकतीस वर्षांत रूफस असा कधी चालला नव्हता. ना रंगीत घरांपाशी थांबला, ना फाटकांपाशी. एका माणसानं भिंतीतल्या सळयांबद्दल विचारलं तर “नंतर” म्हणाला आणि तसाच पुढे गेला. दगडगोट्यांच्या गल्लीत ग्रेटाच्या बहिणीचा पाय मुरगळता मुरगळता राहिला.

फाटक उघडलं होतं. रूफस आज बाकावर बसला नाही. पिशवीतून त्यानं कप काढला, मग हातोडी काढली. ग्रेटा बहिणीला कोपरानं ढोसून “बघ, हाच तो” असं दाखवत होती. हातोडी दिसल्यावर तिचा हात खाली आला.

“गेलेल्या माणसानं शेवटची वापरलेली वस्तू आम्ही इथे ठेवतो,” रूफस म्हणाला. “आणि ठेवताना ती आमच्या हातानं फोडतो. साखळी तुटावी म्हणून. नाहीतर गेलेलं माणूस घरातल्या आणखी कुणाला तरी मागोमाग ओढून नेतं.” तो थांबला. बायको-मुलीचं काही तो फेरीत कधी बोलला नव्हता. “हा माझ्या बायकोचा कप. दोन वर्षांपूर्वी मीच फोडला होता. माझ्या मुलीला सातवा महिना आहे. कालपासून तिचं पोट दुखतंय.”

ग्रेटाचा चेहरा पांढराफटक पडला.

“मला का नाही सांगितलंत?” ती म्हणाली. आवाजात रडू कमी आणि राग जास्त होता. “काल माझ्या हातातून घेतलात की! थँक्यू काय म्हणालात? मी मूर्खासारखी खूश होऊन गेले.”

“सांगायला हवं होतं. चूक माझी आहे, मॅडम. त्या दिवशी मी दमलो होतो, ते वाक्य टाकून दिलं. रोजच टाकत होतो.” त्यानं कपाकडे बघितलं. “तुमचं काम फार सुंदर झालंय. काल घरी टांगून ठेवला होता मी हा. सोडवत नाहीये.”

तो गुडघ्यांवर बसला. त्याला खाली जायला इतका वेळ लागला की दोघंजण हात द्यायला पुढे आले. त्यानं कप तिच्या डोक्याशी, दगडावर ठेवला आणि हातोडी मारली. कप टुणकन उडून गवतात गेला. अख्खाच्या अख्खा. त्यानं उचलून पुन्हा ठेवला, पुन्हा मारली. नुसता आवाज झाला. जोर करायचा तर तो जोर अंगात येत नव्हता. दहा माणसं श्वास रोखून बघत होती.

ग्रेटा त्याच्या शेजारी येऊन धपकन गुडघ्यांवर बसली.

“जोडावर मारताय तुम्ही,” ती नाक ओढत म्हणाली. “तो नाही सुटायचा, मी केलेला आहे. इथे मारा, कानाच्या खाली. इथे मूळची माती आहे.” तिनं दोन बोटांनी कप दगडावर दाबून धरला.

“हात काढा. लागेल.”

“लागू दे. मारा.”

रूफसनं मारली. या वेळी खांद्यापासून मारली. कप फुटला. जुन्या रेघांवर नाही, भलतीकडेच फुटला, आणि हिरव्या काठाचा एक लांबट तुकडा दगडावरून घसरत खाली मातीत गेला.

मग कुणाचा तरी विचित्र आवाज आला. तो आपलाच आहे हे रूफसला जरा वेळानं कळलं. दगडावर कपाळ टेकून तो रडत होता, दहा परक्या माणसांसमोर, बिल्ला लावलेला शर्ट घालून. त्याला लाज वाटली नाही. दोन वर्षं जे कुठे तरी अडून बसलं होतं ते आता थांबवायचं म्हटलं तरी थांबत नव्हतं. ग्रेटाच्या बोटातून रक्त येत होतं. तिनं बोटाला रुमाल गुंडाळला आणि ती तिथेच बसून राहिली. कुणी फोटो काढला नाही.

बऱ्याच वेळानं त्यानं खिशातून फोन काढून लोरेनला लावला.

“दुखतंय का गं अजून?”

“थोडं. डॉक्टरांकडेच निघालोय. मार्कस गाडी काढतोय.” मग तिचा आवाज बदलला. “डॅडी? काय झालं? तुम्ही रडताय?”

“लोरेन,” तो म्हणाला, “तुझी आई गेली ना गं.”

पलीकडे गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला.

“हो, डॅडी,” लोरेन म्हणाली. “गेली.”